आईच्या परसातला पहिला पावसाळा

आई गेल्यानंतरचा हा पहिलाच पावसाळा. आज सकाळी विळा घेऊन परसात उतरले, तर गुडघाभर रान माजलेलं. यातलं तिने लावलेलं कुठलं आणि आपसूक उगवलेलं कुठलं, काही कळेना. गाजरगवत तेवढं नक्की ओळखलं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे तण आता आमच्या विहिरीपर्यंत पोचलंय. अंगाला खाज सुटते त्याने, म्हणून हातमोजे घालून फुलायच्या आत मुळासकट उपटलं.

मग टाकळ्याला हात घातला, तोच गडग्यापलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली, "अगो थांब, ती तुझ्या आईची भाजी!" आणि त्या आतच आल्या. त्यांनीच ओळख पटवली: टाकळ्याच्या पानाला दलांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकं गोलसर. टोकदार दलं आणि जोड्या जास्त दिसल्या तर तो कासविंदा. संध्याकाळी टाकळ्याची पानं मिटतात, हे आई लहानपणी आम्हाला हात धरून दाखवायची. मी कशी विसरले? पलीकडे कुर्डूची रानभाजी होती, विहिरीच्या ओलीला माका. तिच्या केसांच्या तेलातला.

पायरीजवळची भारंगी मात्र, तीही रानभाजीच, काकू येण्याआधीच मी रान समजून कापली होती. फार वाईट वाटलं. बुंधा शाबूत आहे, फुटेल, असं काकू म्हणाल्या. भोवती दगड मांडून ठेवलेत.

दुपारी ओलं खोबरं घालून टाकळा केला. पेरूखालचं एक रोप काकूंनाही ओळखता आलं नाही. त्याला फुलं येईपर्यंत हात लावणार नाही.