तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराला लागू पडलं, मग माणसाला का नाही?

डोक्याला जबर मार लागल्यावर मेंदू वाचवणाऱ्या औषधाची बातमी वर्षातून एकदा तरी येतेच. उंदरांना गुण आलेला असतो. मग ते औषध अपघात विभागात का दिसत नाही, हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा नीट उत्तर द्यायला हवं.

आधी प्रयोगशाळेतला मार कसा असतो ते पाहा. तीनेकशे ग्रॅमचा, तरुण, बहुतेक वेळा नर उंदीर. त्याला भूल देऊन डोकं चौकटीत घट्ट बसवतात, कवटीला साधारण पाच मिलिमीटरचं भोक पाडतात, आतलं आवरण मात्र शाबूत ठेवतात. मग हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने येतो, मेंदू दोनेक मिलिमीटर दाबतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागात मागे जातो. प्रत्येक उंदराला तोच मार, त्याच जागी. पंधरा मिनिटांनी किंवा तासाभरात औषध.

इथेच गफलती सुरू होतात. ड्रिलवर सलाइन सोडत राहिलं नाही तर नुसत्या उष्णतेने खालचा मेंदू भाजतो. मग ज्यांना मार दिलाच नाही, फक्त भोक पाडलं, त्या उंदरांच्या मेंदूतही इजा दिसते आणि तुलनाच बिघडते. भुलीचं आयसोफ्लुरेन स्वतःच मेंदूला थोडं संरक्षण देतं. शरीराचं तापमान ३७ अंशांवर राखणं हे तर सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम. एमके-८०१ हे औषध मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या प्राण्यांमध्ये फार गुणकारी वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की त्याने प्राणी थंड पडत होते, आणि फायद्याचा बराच वाटा त्या थंडाव्याचा होता.

आता रुग्णालय. दुचाकीवरून पडलेला विशीतला मुलगा आणि न्हाणीघरात घसरलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या आजी. एकाच्या मेंदूतले तंतू ताणून तुटलेत, दुसरीच्या आवरणाखाली रक्त साठलंय. दोघांचाही ग्लासगो कोमा स्कोअर आठ, म्हणून दोघं औषधाच्या एकाच चाचणीत. हा स्कोअर शुद्ध किती हरपली ते सांगतो, काय बिघडलं ते नाही. शिवाय उंदराचा मेंदू दोनेक ग्रॅमचा, गुळगुळीत. माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, घड्या पडलेला आणि जवळपास निम्मा पांढऱ्या द्रव्याचा. डोकं गर्रकन फिरल्यावर तंतू ताणले जातात ते याच पांढऱ्या द्रव्यात, आणि उंदरात ते मुळातच थोडं असतं.

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं उदाहरण द्यायलाच हवं. उंदरांमध्ये उत्तम, मग १०० आणि १५९ रुग्णांच्या दोन छोट्या चाचण्यांतही आशा. पुढे ८८२ आणि १,१९५ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१४ मध्ये दोन्हींचे निकाल आले: काहीही फायदा नाही. पहिल्या चाचणीत औषध चार तासांत सुरू करायचं होतं, दुसरीत आठ तासांत. उंदराच्या तासाभराशी याची तुलना कशी करायची? लहान चाचण्यांतून डोस किती, किती दिवस, हे नीट ठरलंच नव्हतं. घाई झाली, असं माझं मत.

मोजमापही वेगळं. उंदीर पाण्यात बुडवलेला चौथरा किती सेकंदांत शोधतो ते पाहतात. माणसाला सहा महिन्यांनी विचारतात: एकटे बाहेर जाता का, कामावर परतलात का? उत्तरांवरून आठ पायऱ्यांच्या मापावर एक आकडा पडतो. त्या सहा महिन्यांत फिजिओथेरपी, घरचा आधार, जंतुसंसर्ग या सगळ्यांचा हात लागलेला असतो.

आणि हो, ‘देऊन तर पाहू’ हे निरुपद्रवी नसतं. स्टेरॉइड वर्षानुवर्षं सवयीने दिली जात होती. २००४ मध्ये दहा हजार रुग्णांच्या ‘क्रॅश’ नावाच्या औषधचाचणीत दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड गटात २१.१ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १७.९.

थोडं जमलं ते कुठे? ट्रानेक्सामिक ॲसिड पेशी वाचवत नाही, रक्तस्राव आवरतं. २०१९ च्या क्रॅश-३ मध्ये दहा मिनिटांत एक ग्रॅम, मग आठ तासांत आणखी एक, असं दिलं गेलं. फायदा दिसला तो तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या सौम्य आणि मध्यम इजेच्या रुग्णांमध्ये. अतिगंभीर रुग्णांमध्ये नाही. सगळ्यांना एका मापाने मोजलं असतं तर हाही फरक हातून निसटला असता.

प्रयोगशाळांनीही काही धडे घेतलेत. एकच औषध तीन वेगवेगळ्या केंद्रांत, तीन वेगळ्या प्रकारच्या मारावर तपासण्याचा उपक्रम अमेरिकेत झाला. पहिल्या पाच औषधांत उजवं ठरलं ते लेव्हेटिरासिटॅम, फिट्ससाठी आधीपासूनच वापरात असलेलं. बाकीच्यांचा गुण तिन्ही प्रकारच्या मारांत सारखा दिसला नाही.

त्यामुळे पुढची बातमी वाचताना एवढं शोधा: औषध मार लागल्यावर किती वेळाने दिलं, माद्या आणि म्हातारे उंदीर होते का, आणि निकाल मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला काय दिलंय हे माहीत होतं का. बातमीत सहसा यातलं काहीच नसतं; मूळ शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ विभागात सापडतं.