आजीची पाच वर्षं

"आधारवर जे आहे तेच लिहावं लागते, भाऊ."

आज आजीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो होतो. आधारवर १ जानेवारी १९४०. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीच असतो, तशीच ही तारीख. फॉर्मवर वय पडलं ८५.

पण आजी नव्वदीची होती. तिचा हिशोब पक्का होता. "माह्या मायनं सांगतलं, गांधीबाबा सेगावले आले त्या उन्हाळ्यात मी रांगत होती."

गांधीजी सेगावला राहायला आले एप्रिल १९३६ मध्ये. सेगावची पत्रं शेगावला जायची, म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. आजीच्या तोंडी ते नाव शेवटपर्यंत बसलं नाही. वर्ध्याहून बस धरायची असली की म्हणायची, "सेगावच्या फाट्यावर उतरजो."

दाखल्यात हे कुठं लिहू?

रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी उठायचाच नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवायची, मग दुसरं बोट, मग तिसरं. साठ-पासष्ट हंगाम कापूस वेचला तिनं. बोंडाची वाळकी टोकं टोचून टोचून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. ताप आला की तोच खरबरीत हात कपाळावर फिरायचा. झोप लागायची बाप्पा.

सही करून आलो. पण ती पाच वर्षं दिवसभर डोक्यातून जाईनात. त्याच वर्षांत ती चालायला शिकली असेल, पहिल्यांदा आईसोबत वावरात गेली असेल.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाचा जन्म कशावरून सांगतात? पुरावरून, दुष्काळावरून, की कोणाच्या लग्नावरून?