पाणी धरू नये म्हणून : आमची वाटचाल

गाड्यांच्या हेडलाईटमध्ये रंगीत एलईडी बसवणं आणि पाणी धरलेले हेडलाईट दुरुस्त करणं, हा आमचा धंदा. पहिला हेडलाईट मी थोरल्या भावाच्या जुन्या स्विफ्टचा उघडला. २०१२ सालची गोष्ट. ओव्हन नव्हता, हीट गन नव्हती. वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर, पान्यांचा एक संच आणि दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर काम. काच निघाली, पण खालचा एक लग, म्हणजे अडकवायचा प्लॅस्टिकचा कान, तुटला. आत रंग बदलणारी एलईडीची पट्टी चिकटवली, रिमोटचा कंट्रोलर सरळ बॅटरीला जोडला आणि काच दाबून परत बसवली. त्या रात्री कोल्हापुरात राजारामपुरीतून गाडी फिरवली तेव्हा पोरं थांबून बघत होती. आठ दिवसांनी वळीव झाला, आणि सकाळी उठून बघतो तर डाव्या हेडलाईटच्या तळाला बोटभर पाणी.

रंगाचं काम शिकायला मला सहा महिने लागले. पाणी बाहेर ठेवायला सात वर्षं.

आमचं मूळ दुकान रिक्षांच्या वायरिंगचं, कोल्हापुरात, उद्यमनगरच्या अंगाला. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं. कोल्हापूरच्या रिक्षा ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको, इथला रिक्षावाला आपल्या गाडीला नवरीसारखी सजवतो. आतली लायटिंग, टपाच्या कडेचे दिवे, मीटरभोवतीची चमक, हे सगळं आण्णांच्या हातून व्हायचं. त्यांचा एकच हट्ट. वायर पिळून वर टेप मारायची नाही. प्रत्येक जोड सोल्डर झाला पाहिजे, त्यावर स्लीव्ह, म्हणजे जोड झाकणारी नळी, चढली पाहिजे आणि प्रत्येक लाईनला स्वतःचा फ्यूज पाहिजे. लहानपणी मला हे फार लांबण लावल्यासारखं वाटायचं. आज आमच्याकडं दुसऱ्याच्या हातच्या बिघडलेल्या गाड्या येतात आणि बॉनेट उघडल्यावर काळी टेप वितळून खाली लोंबत असते, तेव्हा आण्णांची आठवण येते.

भावाच्या गाडीतलं पाणी बघूनही मी थांबलो नाही. मित्रांच्या गाड्या केल्या, मग मित्रांच्या मित्रांच्या. तेव्हा मी दोन मोठ्या चुका केल्या. पहिली चूक, पट्टी चिकटवायला झटपट धरणारा गोंद वापरला. त्या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की आतून काचेवर पांढरी साय धरते, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरी चूक त्याहून महागात पडली. पाणी शिरू नये म्हणून काचेच्या कडेनं बांधकामातलं साधं सिलिकॉन भरलं. वाळताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. हेडलाईटच्या आतला रिफ्लेक्टर म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. तो आंबट वास त्या थराला खातो. इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकाची स्कॉर्पिओ दोन महिन्यांनी परत आली. पाणी नव्हतं, पण रिफ्लेक्टर राखेसारखा मळकट झाला होता आणि रात्री उजेड निम्मासुद्धा पडत नव्हता. ते गृहस्थ ओरडले नाहीत. "दादा, रंग छान आहे, पण रस्ता दिसत नाही," एवढंच म्हणाले. मी दोन्ही हेडलाईट नवे घेऊन बसवून दिले. त्यात तेव्हाची आमची दोन महिन्यांची कमाई गेली.

त्यानंतर मी तीन महिने एकही गाडी घेतली नाही. भंगार बाजारातून अपघाती गाड्यांचे हेडलाईट किलोच्या भावात आणले आणि उघडत बसलो. कंपनी काच कशानं बसवते ते तिथं कळलं. बहुतेक गाड्यांत काळी, चिकट, कधीच पुरती न वाळणारी ब्यूटाइलची, म्हणजे एका प्रकारच्या रबराची, दोरी असते. ती उष्णतेनं मऊ होते, गार झाली की पुन्हा धरते. हेडलाईट ओव्हनमध्ये ८० ते ९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवला की काच हातानं सुटते, लग तुटत नाहीत. त्याहून जास्त ताव दिला तर मागची बॉडी वाकते, आणि एकदा वाकलेल्या बॉडीवर काच कधीही सपाट बसत नाही. आम्ही मोठा ओव्हन उद्यमनगरातच बनवून घेतला, आत वेगळा थर्मामीटर लावला, आणि आजही डायलवर नाही, त्या थर्मामीटरवरच विश्वास ठेवतो. काही नव्या गाड्यांत कडक, कायमचा धरणारा गोंद असतो. तो तापवून सुटत नाही, काच कापावी लागते. असे हेडलाईट आम्ही उघडत नाही. गिऱ्हाईक कितीही पैसे देतो म्हणालं तरी नाही.

रंगाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रंग बदलणाऱ्या एका एलईडीत तीन बारीक चिप असतात, लाल, हिरवी आणि निळी. प्रत्येकीचा उजेड २५६ पायऱ्यांत कमी-जास्त करता येतो, त्यामुळं हिशेबानं १ कोटी ६७ लाखांवर छटा होतात. निळी एलईडी नसती तर यातलं काहीच झालं नसतं. लाल आणि हिरवी खूप आधीपासून होत्या, झगझगीत निळी मात्र १९९० च्या दशकात आली, आणि ती घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ती बातमी आली त्या दिवशी आम्ही दुकानात पेढे वाटले होते. पण तिन्ही रंग मिसळून केलेला पांढरा रंग खरा पांढरा होत नाही, त्यात जांभळट झाक राहते. म्हणून आम्ही चौथी, खरी पांढरी चिप असलेली पट्टीच घेतो.

साध्या पट्टीत सगळे दिवे एकाच वेळी एकच रंग दाखवतात. ज्यात रंग पाण्यासारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं वाहतो, तिथं प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची छोटी आयसी, म्हणजे हुकूम समजणारी चिप, असते आणि एका डेटा वायरवरून हुकूम पुढं पुढं जातो. जुन्या प्रकारात मधली एक एलईडी गेली की तिच्या पुढच्या सगळ्या मेल्या. उघडायला पुन्हा बंपर उतरवा, पुन्हा ओव्हन. म्हणून आता डेटाची दुसरी, राखीव वायर असलेलाच प्रकार वापरतो. तो महाग पडतो, पण एक दिवा गेला तरी बाकीची माळ चालू राहते.

आणि करंट. पाच व्होल्टवर चालणारी एक एलईडी पूर्ण उजेडात साधारण ६० मिलिॲम्पिअर घेते. शंभर लावल्या की सहा ॲम्पिअर, म्हणजे ३० वॅट, आणि तेही वारा नसलेल्या बंद डब्यात. त्यातली बरीचशी ताकद उष्णता होऊन आतच राहते. शिवाय बारा व्होल्टची म्हणतो ती गाडीची बॅटरी इंजिन चालू असताना चौदाच्या वर जाते. म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडी, मध्ये व्होल्टेज नियंत्रित करणारा कन्व्हर्टर आणि उजेडाला ६० टक्क्यांची मर्यादा असा आमचा नेम आहे. कंट्रोलर कधीही सरळ बॅटरीला जोडत नाही. भावाची स्विफ्ट चार दिवस उभी राहिल्यावर सुरू झाली नव्हती, त्याचं कारण माझाच कंट्रोलर रात्रंदिवस करंट पीत होता.

पण धंद्याचं खरं वळण रंगामुळं आलं नाही. ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं आलं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर तळघरांतून गाड्या बाहेर काढल्या तेव्हा प्रत्येक हेडलाईटमध्ये गढूळ पाणी आणि तळाला गाळ. विम्याची वाट बघणं ज्यांना परवडणार नव्हतं, ते टॅक्सीवाले, दूधवाले, छोटे टेम्पोवाले आमच्याकडं आले.

ते दोन महिने आम्ही एकही रंगीत दिवा लावला नाही. सकाळी सात ते रात्री अकरा फक्त हेडलाईट उघडायचे. रिफ्लेक्टरवरचा गाळ फडक्यानं पुसला की चमक निघून जाते, म्हणून वाहत्या पाण्याखाली धरून हळूहळू सोडवायचा. शेवटचा हात बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याचा, म्हणजे क्षारांचे डाग राहत नाहीत. मग ओव्हनमध्ये मंद, ५० अंशांवर, पूर्ण कोरडा होईपर्यंत. जुनं ब्यूटाइल खरवडून काढून नवी दोरी. मजुरीचे पैसे ज्याला जमतील तेव्हा त्यानं दिले. काहींनी दिवाळीनंतर आणून दिले, आणि बुडवले मात्र कुणीच नाहीत.

त्या दोन महिन्यांत कोणत्या कंपनीच्या हेडलाईटची काच बसायची खाच किती खोल असते, पाणी कुठल्या कोपऱ्यातून शिरतं, हे आमच्या पोरांच्या बोटांना पाठ झालं. अजून एक गोष्ट तेव्हाच पक्की कळली. हेडलाईटला मागच्या बाजूला श्वास घ्यायची छोटी नळी किंवा छिद्र असतं. दिवा पेटला की आतली हवा फुगते, विझला की आक्रसते, तिला ये-जा करावीच लागते. पाण्याच्या धास्तीनं ते छिद्र बुजवलं तर उलट आतच वाफ धरते. भावाच्या स्विफ्टमध्ये मी नेमकं तेच केलं होतं. काच नीट बसली नव्हती आणि वर छिद्रंही बुजवली होती, त्यामुळं आलेलं पाणी आतच अडकून राहिलं.

तेव्हापासून प्रत्येक हेडलाईट गाडीवर चढण्याआधी पाण्याच्या फवाऱ्याखाली दोन तास, मग रात्रभर दिवा चालू-बंद करत ठेवतो. गिऱ्हाइकाला गाडी सोडून जावं लागतं. "दोन तासांत होतं म्हणाले पलीकडं," असं ऐकून घेतो, आणि तरी ठेवून घेतो. गगनबावड्याकडं पावसाळा कसा असतो हे आम्हाला माहीत आहे.

गगनबावड्याचीच एक रात्र मला विसरता येत नाही. घाट उतरत होतो, बायको आणि मुलगी गाडीत. समोरून आलेल्या गाडीनं साध्या हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब कोंबला होता. रिफ्लेक्टरचा आकार बल्बमधल्या फिलामेंटच्या, म्हणजे पेटणाऱ्या तारेच्या, नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काही क्षण मला डावीकडचा कठडा दिसला नाही. घरी येईपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातले तसले सगळे बल्ब परत पाठवले. अप्पर आणि डिपरच्या मूळ उजेडाला आम्ही हात लावत नाही, आणि काम झाल्यावर समोरच्या भिंतीवर रेघ मारून उजेडाची पातळी तपासल्याशिवाय गाडी सोडत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो, कारण दर आठवड्याला कुणीतरी येतं : "दादा, पोलिसांच्या गाडीसारखं लाल-निळं फिरतं करून द्या की." आम्ही ते करत नाही. पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायला नियमात बंदी आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी रस्ता देणाऱ्या माणसाला फसवणारा दिवा आमच्या हातून लागणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मनाई असलेल्या प्रत्येक बदलामागं मालकाला ५,००० रुपये दंडाची किंवा कैदेची तरतूद आली. म्हणून रंगाची लाईन आम्ही हॅन्डब्रेकच्या स्विचवरून रिलेनं, म्हणजे विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचनं, घेतो. हॅन्डब्रेक वर असेल तरच रंग, गाडी हलली की फक्त पांढरा. एवढं केलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि शोरूमची वॉरंटीही जाऊ शकते. हे दोन्ही आम्ही मराठीत छापलेल्या कागदावर लिहून, वाचून दाखवून, मग सही घेतो. वाचल्यावर काहीजण परत जातात. त्यांना चहा पाजून पाठवतो.

आज दुकानात आम्ही पाचजण आहोत. निम्म्याहून जास्त काम आता रंगाचं नाही, पाणी धरलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाईटचं आहे. हे कळल्यावर काही तरुण गिऱ्हाइकांचा हिरमोड होतो, पण मला या कामाचा जास्त अभिमान वाटतो. रंगाची हौस रिक्षांच्या आतल्या सजावटीत आणि प्रदर्शनात उभ्या करायच्या गाड्यांवर पुरी करतो, तिथं मोकळ्या हातानं काम करता येतं.

आण्णा आता पंचाहत्तरीला आलेत. दुपारी तासभर येऊन बसतात आणि पोरांचे सोल्डर चष्म्याच्या वरून तपासतात. मागच्या आठवड्यात थोरल्या भावानं ती जुनी स्विफ्ट पुन्हा आणून उभी केली. तुटलेला लग मी प्लॅस्टिक वेल्डिंगनं जोडला आहे, जुनी पट्टी काढली आहे, छिद्रं मोकळी केली आहेत. डावा हेडलाईट या घडीला फवाऱ्याखाली आहे, उजवा उद्या लावायचा आहे.