ती येण्याआधीची पाच वर्षं

शुक्रवार, रात्री

आज किराणा दुकानात ओळखीच्या एक बाई भेटल्या. लेक माझ्या पिशवीचा बंद धरून शेजारीच उभी होती. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्हाला पुण्य लागेल हो. पोरीनं नशीब काढलं!" बोलल्या त्या मायेनंच. पण लेक सगळं ऐकत होती, आणि सहाव्या वर्षी मुलांना बरंच कळतं.

पुण्याचा काय संबंध? आम्हाला मूल हवं होतं. उपचारांत कित्येक वर्षं गेली, पैसे गेले, माझी तब्येत गेली, आणि तरीही मूल हवंच होतं. म्हणून दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या 'कारा' या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं. आधी मनात तान्हं बाळ होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोघांच्या वयांची बेरीज 92 भरली. नियमाप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज 85 पर्यंत चालते, चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 90. म्हणजे आमच्या वाट्याला चार वर्षांवरचं मूल. हे कळलं त्या रात्री मी रडले. जे बाळ कधी मांडीवर येणारच नव्हतं, त्याच्यासाठी रडले. आता ही समोर झोपली आहे, तोंड उघडं, एक पाय माझ्या उशीवर. तरीही ते रडणं खोटं नव्हतं, असंच वाटतं.

शनिवार

तिची माहिती आली तेव्हा होकार कळवायला हातात 48 तास होते. एक फोटो, एक वैद्यकीय अहवाल, आणि स्वभाव, सवयी, आवडीनिवडी सांगणारा दुसरा अहवाल. 'भात आवडतो. लहान मुलांना सांभाळते.' हे दुसरं वाक्य वाचून हे गप्पच झाले. पाच वर्षांची मुलगी लहान मुलांना सांभाळते!

सगळे विचारतात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटलं. खरं सांगायचं तर भीती वाटली. ती राहायची त्या संस्थेच्या व्हरांड्यात एक अनोळखी मुलगी उभी होती, मीही तिला अनोळखी. पान्हा वगैरे काही फुटला नाही. माया आली ती हळूहळू, केस विंचरताना, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना, शाळेच्या फाटकाशी वाट बघताना. ज्यांना पहिल्या भेटीतच वाटतं, त्यांचं वाटणं खरंच असेल. पण ज्यांना वाटत नाही त्यांनी घाबरू नये, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

पहिले काही महिने तिच्या उशीखाली पोळ्या सापडायच्या. चार घड्या घातलेल्या, कडक झालेल्या, एकदा तर मुंग्या लागलेल्या. ताटात वाढलेलं अन्न ती मान वर न करता संपवायची आणि शेवटची पोळी फ्रॉकच्या खिशात घालायची. समुपदेशक बाई म्हणाल्या, काढून घेऊ नका, रागावू नका, तिच्या हाताला येईल असा डबा ठेवा. ओट्याखालच्या फळीवर स्टीलचा डबा ठेवला. शेंगदाण्याचे लाडू, चुरमुरे, बिस्किटं. डबा तिचा, विचारायचं नाही, कधीही उघडायचा. रात्री-अपरात्री उठून ती नुसतं झाकण काढून बघायची आणि परत येऊन झोपायची. खायची नाही. आहे ना, एवढंच बघायची. उशीखालच्या पोळ्या कधी बंद झाल्या ते नेमकं आठवत नाही. डबा अजून तिथेच आहे.

घरी ती मला 'मावशी' म्हणते. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका मावशीच होत्या. शाळेत मैत्रिणींसमोर मात्र 'माझी आई' म्हणते. मला दोन्ही चालतं. नाही, तसं नाही. 'आई' ऐकलं की दिवसभर अंगात बळ येतं. पण त्यासाठी तिच्या मागे लागणार नाही.

रविवार, दुपार

जेवायला नातेवाईक होते. "हिचं नाक कुणावर गेलंय?" असं कुणीतरी विचारलं आणि लगेच जीभ चावली. लेक भात कालवता कालवता म्हणाली, "मोठ्या मावशीवर." टेबलावर शांतता. सासूबाईंनी आमटीची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "असेल. मोठी मावशी बघायला हवी एकदा."

नंतर एकांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आधीचं तिला विसरू द्या, नाव बदला, काही सांगूच नका, शेवटी रक्त ते रक्त. मला फुल्यांचं घर आठवलं. त्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला हरकत घेतली. मग सावित्रीबाईंनी ते स्वतःच हातात घेतलं. पुढे यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्ण पोचवता पोचवताच सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. शाळेत हे सगळं पुण्यतिथीच्या भाषणासारखं ऐकलं होतं. आज वाटतं, काशीबाईंचं नाव टिकलं, हे केवढं आहे. यशवंत सावित्रीबाईंचा झाला म्हणून काशीबाईंना कुणी पुसून टाकलं नाही.

लेकीला जन्म देणारीचं नाव आम्हाला ठाऊक नाही. पण ती होती, हे लेकीला ठाऊक आहे. लेकीचं नाव संस्थेतल्या मावशीनं ठेवलेलं, तेच आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर आणि त्यानंतर मिळालेल्या जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून आम्ही दोघं आहोत, आणि त्यावर माझा हक्क मी सोडणार नाही. पण ती पाच वर्षं तिची आहेत. पुढे तिला मूळ शोधावंसं वाटलं तर कायद्यानं तशी वाट आहे. ती अठराची व्हायच्या आधी वाटलं, तर अर्जावर आमची सही लागेल. ती आम्ही करू. त्या दिवशी मला त्रास होईल. होऊ दे.

सोमवार

समाजसेविका येऊन गेल्या. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी त्यांचा अहवाल जातो. वजन, शाळा, झोप, सगळं विचारलं. लेकीनं त्यांना डबा उघडून दाखवला आणि एक लाडू दिला. मी विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत हिला संस्थेत भेटायला नेलं तर चालेल का, की जुनं सगळं उसळून वर येईल? त्या म्हणाल्या, आधी संस्थेशी बोला, हिच्याशी बोला, आणि परत घरीच यायचं आहे हे निघण्याआधी स्पष्ट सांगा. तारीखही सांगा.

रात्री कॅलेंडर समोर धरून सांगितलं. जायचा दिवस, यायचा दिवस. तिनं यायच्या दिवसावर पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "मावशी, लाडू किती न्यायचे? तिथं पोरं लय हायेत." हा 'लय' आमच्या सांगलीचा. आली तेव्हा 'मले', 'काहून' असं बोलायची.

महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं उद्या काढायची. सासूबाई म्हणाल्या, चार काढा, मीही येते.