येळवशीची रजा

बुधवार, १८ डिसेंबर २०२४

आज रजेचा अर्ज भरला. एकच दिवस, सोमवार ३० डिसेंबर. कारणाच्या रकान्यात मी नेहमी 'घरगुती काम' लिहिते. आज 'येळवस' लिहिलं. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हे काय असतं?" ते नाशिककडचे, त्यांना माहीत असण्याचं कारणच नाही. मी सांगत गेले. मार्गशीर्षातली अमावस्या, पंचांगात वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी लातूर, धाराशिवकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. बोलता बोलता माझा आवाज वाढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरची जालन्याची मैत्रीणही हातातलं काम ठेवून ऐकत होती. तिलाही हा सण नवाच. मराठवाडा मराठवाडा म्हणून आपण एका दमात आठ जिल्हे मोजतो, पण इथं संभाजीनगरात, अडीचशे किलोमीटरवर, येळवस समजावून सांगावी लागते.

महिनाअखेर आहे, ऑडिट तोंडावर आहे, हे सगळं बोलून झालं. शेवटी रजा मिळाली. अट एकच, ३१ तारखेला सकाळी सातच्या पाळीला हजर पाहिजे.

नोकरी लागल्यापासून माझ्या तीन येळवशी हुकल्या. पहिल्या वेळी ट्रेनिंग चालू होतं. दुसऱ्या वेळी नवी लाईन सुरू व्हायची होती. तिसऱ्या वेळी, म्हणजे याच वर्षीच्या जानेवारीत, मी रजा मागितलीच नाही. कुणी नाही म्हणालं असतं असंही नाही. जाण्यायेण्याचा बारा-तेरा तासांचा प्रवास डोळ्यांपुढं आला आणि त्यापेक्षा झोप बरी असं वाटलं. आईला मात्र सांगितलं, "रजा मिळाली नाही." ते खोटं वर्षभर आत राहिलं आहे. म्हणून आज रकान्यात खरं कारण लिहिलं.

रविवार, २२ डिसेंबर

आज नळाला पाणी आलं, आठव्या दिवशी. सिडकोतल्या या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो. मी, एक परभणीची, एक नांदेडची. पाण्याच्या दिवशी तिघींपैकी एकीला घरी थांबावंच लागतं, आणि रविवारी पाणी आलं की तिघींचाही रविवार त्यातच जातो. ड्रम, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. मग कपडे. मग फरशी. दुपारी मेसचा डबा, त्यानंतर झोप. उठल्यावर फोन हातात घेतला तो अंधार पडला तेव्हा खाली ठेवला.

मलिक अंबरनं सतराव्या शतकात डोंगरातून नहर काढून या शहराला पाणी आणलं. पाणचक्कीला उभं राहिलं की अशाच, पण नंतरच्या एका नहराचं पाणी पडताना दिसतं. पाणचक्की बघायला जाऊ असं आम्ही तिघी दोन वर्षांपासून म्हणतो आहोत. सिडकोहून किती लांब आहे ती? अर्धा तास.

आज मी हिशेब मांडला. वाळूजच्या कंपनीची बस सकाळी सहाला येते, परत सोडते साडेचार-पाचला. नगर नाक्यावर अडकली की अजून उशीर. झोपायला अकरा. म्हणजे रोज सहा तास माझे आहेत. आठवड्याचे छत्तीस, वर रविवार. इतका वेळ माझ्याजवळ असतो हे कागदावर पाहून मी दचकले. तो कुठं जातो ते मला सांगता येत नाही. कंपनीनं तो नेलेला नाही, एवढं मात्र नक्की. कामाचे तास मी मिनिटामिनिटानं सांगू शकते, कुठल्या लाईनवर किती पीस तपासले हेसुद्धा. उरलेल्या वेळाला मी 'उरलेला' असंच धरलं, आणि उरलेली गोष्ट आपण जशी राखतो तशीच त्याची राखण केली.

संध्याकाळी आईचा फोन. "येऊलालीस ना?" म्हटलं, हो, काय आणू? "काही आणू नको. तू ये. आज्जीचा खांदा दुखूलालाय, आंबील ढवळायला माणूस नाई."

चार वर्षांत पहिल्यांदा आईनं मला 'भेटायला ये' असं न म्हणता 'कामाला ये' म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं.

शनिवार, २८ डिसेंबर, रात्री

घरी पोचले. पाळी संपवून सरळ बसस्थानक, अर्धं तिकीट काढून खिडकीची जागा. शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा उजेड होता, मांजरसुंब्याला अंधार. केजच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्यांचे, मागं लाल दिवा नाही. लातूरला अण्णा मोटारसायकल घेऊन थांबले होते. औशाकडच्या रस्त्याला लागलो तशी थंडी बोचायला लागली. अण्णांनी गाडी थांबवून स्वतःची कानटोपी मला दिली.

रविवार, २९ डिसेंबर

आज दिवसभर चुलीपुढं. हात हिरवे झाले आहेत आणि वास अजून जात नाही.

सकाळी आम्ही भज्जीचं सगळं शेतातून आणलं. ही भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे परवा साहेबांनाही सांगावं लागलं होतं. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगं, आंबटपणाला चिंच आणि घट्टपणाला बेसन. रानात जे असेल ते सगळं एका पातेल्यात. ओली तूर सोलायला मी, आई आणि शेजारच्या काकू बसलो ते अकरा ते दोन. तीन तासांत पाटीभर शेंगांचे दोन वाट्या दाणे निघाले. काकूंच्या मुलीचं लग्न ठरलंय, पलीकडच्या गल्लीतल्या मामांनी बैल विकले, सोयाबीन अजून घरातच पडून आहे कारण हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर त्याच्या कितीतरी खाली मागतात. चार वर्षं फोनवर "सगळं बरं आहे" एवढंच ऐकत होते. हे सगळं शेंगा सोलतानाच कळतं, फोनवर कोण सांगणार?

आंबील माझ्याकडं होती. आईला प्रमाण विचारलं. "ताक असंल तेवढं घे, पीठ लागंल तसं." मी रोज मायक्रोमीटरनं मापं घेणारी, मला हे पुरेना. मग मी आईची प्रत्येक मूठ वाटीत ओतून मोजली आणि वहीत लिहिली. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, ताक दोन तांबे, लसणाचे दोन गड्डे, हिरव्या मिरच्या सात, आलं अंगठ्याएवढं, जिरं, मीठ, कोथिंबीर. आई आधी हसली, मग गप्प झाली, मग स्वतःच सांगायला लागली. "लिही, पीठ ताकात कालवून गुठळ्या मोडायच्या, मंग विस्तवावर. सारखं ढवळायचं, हात थांबला की तळाला धरतंय. लिही, लसूण कापायचा नाई, ठेचायचा." आज्जी बाजंवरून म्हणाली, "माझ्या सासूनं मला असं एकदाबी सांगितलं नव्हतं, बघून शिकले." मीही बघून शिकले असते, हजर असते तर. आता वहीत उतरवावं लागतंय.

आंबील नव्या मडक्यात ओतून, वर फडकं बांधून ठेवली आहे. उद्यापर्यंत मुरेल.

सोमवार, ३० डिसेंबर, लातूर बसस्थानकावर

बस साडेदहाची आहे. जे आठवतंय ते आत्ताच लिहिते.

सकाळी डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन अण्णा पुढं, टोपल्या घेऊन आम्ही मागं. गाव खरंच रिकामं. शाळेपुढं एक कुत्रं तेवढं होतं. रस्त्यावर मात्र बैलगाड्या, टेम्पो, लातुराहून-पुण्याहून आलेल्या गाड्या.

कोप, म्हणजे खोपटी, अण्णांनी आधीच उभी केली होती, कडब्याच्या पेंढ्यांची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. आईनं पूजा मांडली. खीर, उंडे म्हणजे पिठाचे गोळे, भज्जी, तिळाची पोळी, आंबील यांचा नैवेद्य.

मग शेताभोवती आंबील शिंपडायची. दरवर्षी अण्णा आणि दादा शिंपडतात. एकानं पुढं शिंपडत जायचं, दुसऱ्यानं मागून आरोळी द्यायची. दादाला यंदा पुण्याहून येता आलं नाही. अण्णांनी तांब्या भरला, लिंबाचा डहाळा घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "चल, तू मागं." मी आईकडं पाहिलं. आई उंडे मोजत होती, तिला यात विशेष काही वाटलं नाही.

"वलगे वलगे सालम पलगे" असं आमच्याकडं म्हणतात. अर्थ कुणाला विचारला तर कानडीतून आलंय एवढंच सांगतात. लहानपणी दादाच्या मागं पळताना मी हे घसा फाटेपर्यंत ओरडले आहे. आज पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. कंपनीत प्रेसच्या आवाजावर माझा आवाज चढतो, दहा माणसं वळून बघतात. इथं ज्वारीपुढं तो घशात अडकला. अण्णा वळले नाहीत, थांबलेही नाहीत, डहाळा बुडवून शिंपडत चालत राहिले. बांधाच्या पहिल्या कोपऱ्यावर आवाज निघाला. दुसऱ्या कोपऱ्यावर शेजारच्या शेतातून तशीच आरोळी आली, मग तिच्या पलीकडून आणखी एक.

साडेतीन एकरांचा सगळा बांध मी चार वर्षांनी चालले. विहिरीजवळची बाभूळ नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी वाऱ्यात पडली म्हणे, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उत्तरेला तुरीच्या दोन ओळी नव्या आहेत. हरभऱ्यात आता ठिबक आहे. ज्वारी माझ्या खांद्याला लागत होती, कणसं नुकती भरत आलेली.

यावरून २०१६ च्या जानेवारीतली येळवस आठवली. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, भेगांत पाय जात होता. भज्जीचं सगळं लातूरच्या बाजारातून विकत आणलं होतं आणि ताक शेजाऱ्यांकडून, कारण आमची म्हैस तोवर विकली होती. मी आईला म्हटलं होतं, यंदा कशाला? आज्जी म्हणाली, भूकंपाच्या सालीसुद्धा आम्ही येळवस केली, तेव्हा तर पत्र्यात राहत होतो. तिनं दुसरं काही सांगितलं नाही. अण्णांनी त्या वाळल्या ताटांवरही आंबील शिंपडली, एक कोपरा सोडला नाही. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा मला ते अण्णांचं भाबडेपण वाटलं होतं. आज त्यांच्या मागं चालताना कळलं की शेत पिकलं तरच बांधावर जायचं, असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं. आणि मी? झोप पूर्ण झाली तर घरी, पाणी आलं नाही तर पाणचक्कीला, अंगात जोर उरला तर कुणाला फोन. माझी प्रत्येक गोष्ट आधी काहीतरी उरण्यावर अडलेली.

जेवायला पंगतीत अठरा माणसं होती. ओळखीची नऊ. येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचंच असतं. भज्जी तिखट झाली होती, आंबील मात्र नेमकी. काकूंनी तिसरा पेला मागितला तेव्हा आईनं माझ्याकडं बोट केलं, "तिनं केलीय."

अंधार पडताना हेंडगा, म्हणजे चूड, पेटवून अण्णांनी शेताला शेवटची फेरी घातली. मला निघायचं होतं, पिशवी भरताना मी लांबूनच पाहिलं. आमचा जाळ पूर्वेच्या बांधावर, आणि तिथून पार रस्त्यापर्यंत शेताशेतांतून तसेच हलणारे जाळ.

बस लागली.

रविवार, ५ जानेवारी २०२५

मंगळवारी पावणेपाचला उतरले, सातला लाईनवर उभी होते. ऑडिट नीट झालं. दिवसभर डोळे जळत होते, पण गेल्या जानेवारीत झोपून उठल्यावर जसं रिकामं वाटलं होतं तसं वाटलं नाही.

नव्या कॅलेंडरवर येळवस शोधली. १९ डिसेंबर, शुक्रवार. दादाला तारीख पाठवली आणि लिहिलं, या वेळी तू मागं, तांब्या मी घेणार. त्याचं उत्तर आलं नाही. रात्री फोन करीन.

आज पाण्याचा दिवस नव्हता. सकाळी तिघी पाणचक्कीला गेलो. काल संध्याकाळी गुलमंडीवरून मडकं आणलं होतं आणि येताना डेअरीतून ताक घेतलं. दुपारी वही उघडून आंबील केली. ताक डेअरीचं, त्याला घरच्या ताकाचा आंबटपणा नाही. आईला फोन लावला.

"पातळ झालीय का?"

"नाही, बरोबर आहे. पण गोडसर लागूलालीय."

"ताक कालचं घ्यायचं होतं. लसूण ठेचून घातलास का कापून?"

"ठेचून."

"मंग ऱ्हाऊ दे रातभर. उद्या आंबटंल."

परभणीचीनं आत्ताच एक पेला प्यायला आणि अजून थोडी मागितली. बाकीची फडकं बांधून ठेवली आहे. उद्या पहिली पाळी. सकाळी बाटलीत भरून नेईन, एक बाटली साहेबांसाठी.