चौथ्या मिनिटाला हेडसेट काढला

आमच्या व्हीआर खेळाला (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरायचं, तो प्रकार) आलेला पहिला अभिप्राय एवढाच होता : "चौथ्या मिनिटाला हेडसेट काढला. लिफ्ट झुलायला लागली तेव्हा. उभा होतो, आता बसलोय."

वाचून मी सरळ चिडले. ७२ तासांचा जॅम (ठरलेल्या वेळात खेळ बनवायची स्पर्धा), तिघांची मिळून जेमतेम एका माणसाची झोप, आणि या गृहस्थांनी आमच्या खेळाला दिली चार मिनिटं. त्यातही दुखणं कशाचं, तर त्या झुलणाऱ्या लिफ्टचं, म्हणजे नेमकं माझ्या लाडक्या कामाचं.

खेळ असा होता : एक जुना घड्याळाचा मनोरा, त्यात पिंजऱ्यासारखी लिफ्ट. लिफ्टने वर जायचं, वाटेत अडकलेली दातेरी चाकं हाताने सोडवायची आणि शेवटी माथ्यावरची घंटा वाजवायची. जॅम व्हीआरचाच होता, त्यामुळे हात, उंची, खोली या सगळ्याचा उपयोग करायचा असं आम्ही ठरवलं होतं. कोड माझ्याकडे, मॉडेलं एका मैत्रिणीकडे, आवाज एका मित्राकडे. लिफ्ट दोराला टांगलेली वाटावी म्हणून मी तिला हलके हेलकावे दिले होते. त्या तीन दिवसांत मी तिच्यातून शंभरेक वेळा तरी वर-खाली केलं असेल आणि मला एकदाही काही झालं नाही.

इथेच ग्यानबाची मेख होती. डोळे सांगतात की आपण हलतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की जागच्या जागी उभे आहोत. या भांडणातून मळमळ येते. वेग एकसारखा असेल तर भांडण बरंच निवतं. वेग किंवा दिशा बदलली की पुन्हा पेटतं. हेलकावा म्हणजे तर दर क्षणी बदलणारा वेग. शंभर फेऱ्यांनंतर माझं शरीर त्याला सरावलं होतं. थोडक्यात, माझ्याच खेळाबद्दल सांगायला सगळ्यात नालायक साक्षीदार मीच होते.

हे सगळं मला तेव्हाच सुचलं असं मुळीच नाही. मी आधी लांबलचक उत्तर लिहिलं : वेळ कमी होता, हेलकावे बंद करायचा पर्याय देणारच होतो, आमच्यापैकी कुणालाच त्रास झाला नाही. पाठवण्याआधी मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, तू त्याला सांगते आहेस की त्याला मळमळलंच नाही." मी ते पुसलं आणि फक्त विचारलं : लिफ्ट सुरू झाल्याबरोबर त्रास झाला की नंतर? आणि नजर कुठे होती?

उत्तर तासाभरात आलं. सुरुवातीला ठीक होतं. किती वर आलो म्हणून खाली वाकून पाहिलं, तेव्हा पोटात ढवळलं.

आमच्या लिफ्टची जमीन जाळीची होती. दिसायला फार सुंदर, मैत्रिणीने दोन तास घालवले होते तिच्यावर. खाली पाहिलं की जाळीतून अख्खा मनोरा मागे सरकताना दिसायचा. नजरेचा जितका जास्त भाग सरकतो, तितकं आपणच हलतोय असं ठाम वाटतं. मी कायम समोरच्या चाकाकडे बघत चढायचे, कारण मला तिथलेच बग शोधायचे असत. खाली बघायचं मला कधी सुचलंच नाही. पहिल्यांदा उंचावर जाणारा माणूस मात्र खाली बघणारच.

एका ओळीतून एवढं निघालं, कारण त्या ओळीत वेळ होती, जागा होती आणि तो उभा होता हेही होतं. त्याच दिवशी आलेले बाकीचे आठ अभिप्राय "मस्त!", "भारी कल्पना", "माझाही खेळून पाहा" अशा वळणाचे. वाचायला गोड, पण त्यांचं करायचं काय?

लोक असं का लिहितात तेही समजतं. जॅमच्या गुणपद्धतीत मतं मिळवावीच लागतात. लुडम डेअर या जॅममध्ये किमान २० जणांनी गुण दिल्याशिवाय क्रमवारीत नाव येत नाही. इच.आयओ या खेळांच्या संकेतस्थळावरच्या जॅममध्ये, तिथल्या मध्यक संख्येपेक्षा (सगळ्या खेळांच्या मतांचे आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) कमी मतं पडली की सरासरी गुणच खाली ओढले जातात. त्यात हेडसेट मोजक्यांकडे. साध्या जॅममधला खेळ ब्राउझरमध्ये कुणीही दोन मिनिटं उघडून बघतो; आमच्यासारख्यांचा खेळ बघायचा तर फाइल उतरवा, हेडसेटचा डेव्हलपर मोड चालू करा, केबल लावा, फाइल चढवा, जागा मोकळी करा. एवढं करून आलेला माणूस पाहुण्यासारखाच. मग मतांची देवाणघेवाण सुरू होते आणि "मस्त"चा पाऊस पडतो. मीही पाडलाय.

त्यापेक्षा वाईट म्हणजे मी एकावर अन्याय केला. मतदानाच्या पहिल्याच संध्याकाळी ओळीने पाच खेळ खेळले. चौथ्यात रॉकेटवर बसून बोगद्यातून सुसाट जायचं होतं. त्यात डोकं गरगरलं. तरी हट्टाने पाचवा लावला. तो एका शांत बागेचा होता, एका जागी उभं राहून पाणी घालायचं. पाच मिनिटांत मला दरदरून घाम फुटला आणि मी लिहून टाकलं : हालचाल त्रासदायक आहे, आरामाचे दोन तारे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खेळ पुन्हा लावला तर त्यात हालचाल नव्हतीच. माझी मळमळ रॉकेटवाल्याची होती, शिक्षा बागेला झाली. जाऊन गुण बदलले, खाली कारणही लिहिलं. बाग करणारीने मोठ्या मनाने घेतलं. तोवर बिचारीने अर्धी रात्र न सापडणारा दोष शोधण्यात घालवली होती.

ही अडचण जुनीच आहे. सिम्युलेटरमुळे होणारा त्रास मोजण्याची एक प्रश्नावली १९९३ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्यात १६ लक्षणं आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण : डोळ्यांवर ताण, मळमळ, घाम, भोवळ, अगदी ढेकरसुद्धा. संशोधक आजही ती वापरतात. जॅममध्ये १६ प्रश्न कोण भरतंय! मी त्यातले चार उचलले आणि एक शिस्त घालून घेतली : खेळण्याआधी स्वतःला विचारायचं, नंतर पुन्हा विचारायचं, आणि आधीचा आकडा शून्यावर आल्याशिवाय पुढचा खेळ लावायचा नाही. यामुळे दिवसाला तीनच खेळ व्हायचे. झाले तर झाले.

लिहायची पद्धतही बदलली. पहिल्या ओळीत हेडसेट कुठला, बसून की उभं राहून, किती मिनिटं. मी डावखुरी आहे हेही, कारण निम्म्या खेळांत हातोडा उजव्या हातातच चिकटवलेला असतो आणि करणाऱ्याच्या ते गावीही नसतं. त्यानंतर मला काय वाटलं यापेक्षा मी काय केलं ते. "दार सापडायला अवघड आहे" असं लिहिलं की वाद सुरू होतो. "दोन मिनिटं भिंतीवरचा कंदील ओढत होते, कारण तोच उजेडात होता, दार मागे उघडलंय हे आवाज आल्यावरही कळलं नाही" यावर वाद घालणार कसा? मी ते केलंय.

पुढे तर मी सरळ चित्रफीतच पाठवायला लागले. पहिल्यांदा खेळताना रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि तोंडाने बडबडत राहायचं. सपाट पडद्यावरच्या खेळाच्या चित्रफितीत माणूस नेमका कुठे बघतोय ते कळत नाही. व्हीआरमध्ये डोकं हाच कॅमेरा. मान वळली, थबकली, परत फिरली, सगळं दिसतं. आमच्या खेळाची अशी एक फीत आम्हाला मिळाली, तेव्हा तिघंही खजील होऊन बघत होतो. मैत्रिणीने घासून घासून केलेल्या घड्याळाच्या तबकडीकडे त्या माणसाने पूर्ण खेळात एकदाही पाहिलं नव्हतं. ती त्याच्या डोक्याच्या वर होती आणि वर बघायला आम्ही काही कारणच दिलं नव्हतं.

एक अभिप्राय मला आधी समजलाच नाही : "भर्रकन मान वळवली की कडेला काळं काहीतरी आत येतं." वाटलं, हेडसेट नीट बसला नसेल. मित्र म्हणाला, फ्रेम सुटत असतील. बरोबर होतं. फ्रेम, म्हणजे दर क्षणी नव्याने काढलं जाणारं चित्र, वेळेवर तयार झाली नाही की हेडसेट जुनंच चित्र मानेच्या दिशेने सरकवून दाखवतो, आणि त्या चित्रात जे नव्हतंच तिथे कडेला काळी पट्टी राहते. मी सगळी चाचणी केबल लावून, दणकट कॉम्प्युटरच्या जोरावर केली होती. कॉम्प्युटरशिवाय चालणाऱ्या स्टँडअलोन हेडसेटवर ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ फ्रेम दाखवताना, एका फ्रेमसाठी जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात, आणि आमची प्रत्येक दातेरी चाकाची स्वतंत्र सावली त्यात कुठून बसणार? त्या माणसाला यातलं काही माहीत नसावं. त्याने दिसलं ते लिहिलं. "ऑप्टिमायझेशन करा" असं लिहिलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेले असते.

मग आई. तिने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता, म्हणून मी तिला बसवलं; म्हणजे अक्षरशः खुर्चीत, कारण तिचे गुडघे दुखतात. मीच ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. पहिल्याच मजल्यावर ती हात वर करून बसली. "अगं, हे चाक हाताला लागत नाही." मी गप्प. "तू ऐकते आहेस ना?" मी गप्प. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग कंट्रोलर समोरच्या टेबलावर ठेवायला गेली. ते टेबल खेळातलं होतं. कंट्रोलर जमिनीवर आदळला आणि मौनव्रत तिथेच संपलं.

चाकं मी माझ्या उंचीला, उभी असताना हाताला येतील अशी लावली होती. बसून खेळणारा, बुटका माणूस, लहान मूल यांच्यापैकी कुणाचाही हात तिथवर पोचला नसता. ही गोष्ट आणखी दोघांनी लिहिली होती, पण "उंचीचा पर्याय हवा" अशा शब्दांत, आणि मी ती "जमलं तर" या यादीत टाकली होती. आईचा वर राहिलेला हात पाहिल्यावर ती यादीच्या डोक्यावर आली. आता खेळ सुरू होताना खेळणाऱ्याच्या डोक्याची उंची घेतो आणि चाकं त्या हिशोबाने खाली-वर लागतात. वीसेक ओळींचं काम निघालं.

सगळंच मात्र ऐकलं नाही. लिफ्टबद्दल तक्रार करणाऱ्यांपैकी तिघांनी उपायही सुचवला होता : लिफ्ट काढा, टेलिपोर्ट ठेवा (म्हणजे एका जागेवरून क्षणात थेट दुसऱ्या जागी). एकाने चढताना नजरेच्या कडा अंधारायला सांगितलं. हा उपाय चांगला आहे, २०१६ मध्ये फर्नांडिस आणि फाइनर यांनी त्यावर प्रयोग करून दाखवले होते. आणखी एकाला मनोऱ्यात बंदूक हवी होती, त्याचं जाऊ द्या. टेलिपोर्टवर मैत्रीण आणि मी दोन दिवस भांडलो. ती म्हणत होती, लोक सांगताहेत तर ऐक. माझं म्हणणं, लोकांना त्रास होतोय हे त्यांचं खरं. तो कसा घालवायचा हे आपण बघू. लिफ्टच काढली तर मनोरा कशाला हवा? मग चार गोड खोल्या करू.

शेवटी हेलकावे मी पिंजऱ्यातून काढून बाहेरच्या साखळ्यांना आणि कंदिलाला दिले. पिंजरा खेळणाऱ्याभोवती अगदी स्थिर, वेग सुरुवातीपासून एकच. जमीन लाकडी फळ्यांची, मधे एकच बारीक फट, ज्याला खाली बघायची हौस आहे त्याच्यासाठी. कडा अंधारण्याची सोय दिली, पण ज्याला हवी त्याने चालू करायची. मैत्रिणीने जाळी पुसताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं मन राखायला ती जाळी वरच्या मजल्यावरच्या खिडकीला लावली.

जॅमच्या नियमाप्रमाणे मतदान संपेपर्यंत फक्त बिघाड दुरुस्त करता येत होते, त्यामुळे नवा बिल्ड, म्हणजे खेळाची सुधारलेली आवृत्ती, निकालानंतरच टाकला. निकालात आरामाच्या गुणांत आम्ही तळाला होतो, आणि ते योग्यच होतं. कल्पनेत बऱ्यापैकी वर.

नवा बिल्ड टाकल्यावर मी त्या पहिल्या गृहस्थांना दोन ओळी लिहिल्या : लिफ्ट बदलली आहे, सवड झाली तर बघा, बसून खेळलात तरी चालेल. आठवडाभर काहीच नाही. मग उत्तर आलं :

"उभ्यानेच खेळलो. शेवटपर्यंत गेलो, १९ मिनिटं, पोट ठीक. खालच्या फटीतून दोनदा पाहिलं. घंटा डोक्यावर आहे हे कळलं नव्हतं, वाजली तेव्हा दचकून हात भिंतीवर आपटला. खऱ्या भिंतीवर."

मी मित्राला विचारलं, घंटेआधी दोराचा करकर आवाज टाकता येईल का, वरून येणारा. तो म्हणाला, "पाठवतो रात्रीपर्यंत. आणि त्याला विचार, कुठला हात."