मेच्या बर्फावर

क्रॉस-कंट्री स्कीइंग करणाऱ्यांचं नवं वर्ष १ मेला सुरू होतं. मार्चअखेर शर्यती संपतात, एप्रिल विश्रांतीत जातो, आणि मे उजाडला की सरावाच्या वहीत तासांची बेरीज पुन्हा शून्यापासून. मी मिनेसोटात वाढले, आईबाबा मूळचे पुण्याचे. तिकडच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी डोंगरावरून घसरत खाली येते. आमच्या शर्यतीच्या मार्गात साधारण एक तृतीयांश चढ असतो, एक तृतीयांश उतार आणि उरलेला भाग लहानमोठ्या उंचवट्यांचा. लिफ्ट नाही. चढ आपल्याच पायांनी आणि हातांनी चढायचा.

या वसंतात आमचा संघ ऑरेगनमधल्या बेंडला गेला होता. कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला, सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेलं हे शहर. पाइनची उंच झाडं, मधून वाहणारी डेश्यूट्स नदी, आणि मे महिन्यात टी-शर्टवर सायकली चालवणारी माणसं. तिथून गाडीने अर्ध्या तासावर माउंट बॅचलर हा ज्वालामुखी आहे, २७६३ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी, १९०० मीटरच्या आसपास, क्रॉस-कंट्रीचे ट्रॅक आहेत. आमच्याकडचा बर्फ केव्हाच वितळून चिखल झालेला असतो, इथे मात्र मे महिन्यातही तो टिकून राहतो. म्हणूनच अमेरिकेचा राष्ट्रीय संघ वर्षानुवर्षं वसंतातलं शिबिर इथे घेत आला आहे. २०१८ला प्याँगचांगमध्ये जेसी डिगिन्स आणि किकन रँडल यांनी टीम स्प्रिंट, म्हणजे दोघींनी आळीपाळीने धावायची शर्यत, ०.१९ सेकंदांनी जिंकली, अमेरिकेचं क्रॉस-कंट्रीतलं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण. डिगिन्स आमच्याच राज्यातली, अ‍ॅफ्टन गावची. आमच्या संघातल्या बहुतेक जणी तेव्हा शाळेत होत्या आणि ती शर्यत पाहूनच या खेळात जास्त ओढल्या गेल्या. राष्ट्रीय संघाच्या या बॅचलरवरच्या ट्रॅकवर आपण सराव करतोय हे मला पहिल्या सकाळी फार जाणवत होतं.

सकाळ म्हणजे अगदी पहाट. वसंतातला बर्फ रात्री गोठतो आणि ऊन चढलं की भुसभुशीत होतो. रात्री पारा शून्याखाली गेला असेल, तर सकाळी ट्रॅक काचेसारखे कडक असतात. नऊ-साडेनऊच्या सुमारास वरचा थर जरा सैल पडतो आणि तास-दीड तास स्कीइंग स्वर्गीय होतं. त्यानंतर नुसता पाणचट रबडा. रात्र गोठलीच नाही, तर बर्फ स्कीला खालून ओढून धरतो; झाडांचे पराग आणि धूळ तळाला चिकटून वेग मारतात. म्हणून गाडीत बसण्याआधी प्रत्येकजण रात्रीचं तापमान बघायची.

क्लासिक शैलीत समांतर खाचांतून पाय पुढेमागे टाकत जायचं असतं; तिच्या स्कीला असल्या बर्फात पकडीसाठी क्लिस्टर लावावं लागतं. ट्यूबमधून येणारं हे चिकट रसायन काकवीसारखं, हाताला लागलं की दिवसभर सुटत नाही. पहाटे गॅरेजमध्ये आम्ही दोघी-दोघी एका बाकावर काम करायचो. आधी पायाखालच्या पट्ट्याला सँडपेपर मारायचा, मग निळ्या क्लिस्टरचा अगदी पातळ थर. खरखरीत, गोठलेल्या बर्फावर वरचं क्लिस्टर झिजून जातं, तेव्हा खालचा हा थर धरून राहतो. हीट गनने हलकेच गरम करायचं आणि अंगठ्याने सारखं करायचं. त्यावर ओल्या बर्फासाठी लाल किंवा युनिव्हर्सल. मग स्की बाहेर नेऊन थंड होऊ द्यायची. कोमट स्की तशीच बर्फावर ठेवली, तर खाली बर्फाचा गोळा बांधतो. अंगठ्याखाली थर किती जाड झाला ते हळूहळू बोटालाच कळायला लागतं, डोळ्यांना दिसत नाही. मला हे काम मनापासून आवडतं. मोठ्या शर्यतींत ते वॅक्स-तंत्रज्ञ करतात, पण आपली स्की का चालली आणि का नाही चालली हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याने निदान मे महिन्यात तरी ती स्वतः तयार करावी असं माझं ठाम मत आहे.

ट्रॅकवर गेल्यावर मात्र हळू जायचं. दीड-दोन तास, बोलता येईल इतक्याच वेगाने. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे घरी ज्या वेगाला नाडी शांत असते, त्याच वेगाला इथे ती भराभर वर जाते. कोच मध्येच थांबवून कानाच्या पाळीला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचे आणि लॅक्टेट, म्हणजे जोराच्या मेहनतीत रक्तात वाढणारं द्रव्य, मोजायचे. आकडा वर गेला, की पुढच्या फेरीला आणखी हळू. शर्यती करणाऱ्यांना हे जिवावर येतं. पण नॉर्वेच्या मारित ब्यर्गेनने, जिच्या नावावर १५ ऑलिंपिक पदकं आहेत, सर्वोत्तम काळात वर्षाला ९०० तासांहून जास्त सराव केला आणि त्यातला बहुतांश असाच सौम्य होता. शिवाय दमलेल्या शरीराला नवीन हालचाल शिकवता येत नाही, आणि मी शिकायलाच आले होते.

माझं या वर्षीचं काम एकच ठरलं होतं, क्लासिकमधली किक. ही स्की मध्यभागी कमानीसारखी उचललेली असते. घसरताना क्लिस्टरचा पट्टा शक्य तेवढा बर्फापासून वर राहतो. किक मारताना सगळं वजन क्षणभर एकाच पायावर टाकून ती कमान पूर्ण दाबायची. पट्टा बर्फाला पकडतो, स्की निमिषभर थांबते आणि तिच्यावरून आपण पुढे झेपावतो. हे दाबणं दोन्ही पावलं एकमेकींच्या शेजारून जात असतानाच व्हायला हवं. पाऊल मागे गेल्यावर दाबलं, तर कमान पुरती चेपत नाही आणि स्की मागे निसटते. उन्हाळ्यात आम्ही डांबरी रस्त्यावर रोलर-स्की, म्हणजे चाकांच्या स्की, करतो, पण क्लासिक रोलर-स्कीच्या एका चाकात उलट फिरू न देणारी खीळ असते. किक उशिरा मारा, अर्धवट मारा, चाक पकडतंच. त्यामुळे तिथे फुफ्फुसं आणि दंड तयार होतात, किक मात्र बिघडू शकते. किक खरी की खोटी हे बर्फच सांगतो, आणि मे गेला की आम्हाला तो थेट नोव्हेंबरात भेटतो.

सुरुवातीला पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, काढून घेतले गेले. सौम्य चढावर फक्त पायांनी चढायचं. वजन पूर्ण गेलं नाही, तर जागीच पाय निसटतो. मग एका पायात स्की, दुसऱ्यात नुसता बूट, असं बराच वेळ. संध्याकाळी व्हिडिओ. माझी कंबर पावलाच्या मागे राहत होती, ते स्क्रीन थांबवून थांबवून पाहिलं. पण खरा फरक पडला तो संघातल्या एका अनुभवी मैत्रिणीच्या मागे जाताना. ती म्हणाली, "तू काही विचार करू नकोस. माझ्या कमरेकडे बघ आणि माझ्याच तालावर पाय टाक." पुढचा सबंध चढ मी तिच्या सावलीसारखी चढले. तिची कंबर पावलाच्या जरा पुढेच पडायची, घाई कुठेच नाही, आणि स्की बर्फाला टेकल्याचा लहानसा टप् आवाज. वर पोचल्यावर ती माझ्या मागे आली आणि प्रत्येक बरोबर किकला नुसतं "हां" म्हणत राहिली. जिच्याशी जानेवारीत संघातल्या एकाच जागेसाठी झुंज असते, तीच मे महिन्यात सकाळभर मागे राहून तुमचे पाय मोजते. या खेळातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

एक दिवस सगळंच बिघडलं. रात्रभर ओला नवा बर्फ पडला, सकाळी धुकं इतकं की समोरचा ट्रॅक दिसेना. नव्या बर्फात क्लिस्टर लावलं की पायाखाली ढेकूळ चिकटतं. मग क्लासिक सोडून स्केटिंगच्या, म्हणजे बाजूला रेटत जायच्या आणि क्लिस्टर न लागणाऱ्या, स्की काढल्या आणि एकीमागे एक, हाका देत, फेऱ्या मारल्या.

दुपारी जेवून झोप, मग नदीकाठी धावणं किंवा जिममध्ये वजनं. स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. माझ्या पाळीला मी मुगाची खिचडी टाकली, वर तूप आणि आईने डब्यात भरून दिलेलं मेतकूट. दोन सत्रांनंतर पोटाला याहून सुखाचं काही नाही. पातेलं घासूनपुसून संपलं आणि मेतकुटाचा डबा तिथेच रिकामा झाला. रात्री आईचा फोन: "अगं, नाकाला क्रीम लाव, फोटोत भाजलेलं दिसतंय." बर्फावरून ऊन परत उसळतं, त्यामुळे नाकाची खालची बाजूही भाजते, हे तिला माहीत झालंय.

शेवटच्या सकाळी त्याच चढावर पुन्हा लॅक्टेट मोजलं. पहिल्या आठवड्याइतक्याच वेगाला आकडा खाली आला होता. काही श्रेय उंचीची सवय झाल्याचं असणार, पण व्हिडिओत कंबरही पुढे आलेली स्वच्छ दिसत होती. आता मिनिआपोलिसला परत आल्यावर कोचनी आखून दिलंय: जूनमध्ये क्लासिक रोलर-स्की आठवड्यातून फक्त दोनदा, दर वेळी आधी वीस मिनिटं पोलशिवाय, आणि तो बॅचलरवरचा व्हिडिओ बघूनच घराबाहेर पडायचं. बाकीचे दिवस धावणं आणि चढावर पोल घेऊन उड्या. पहिलं सत्र सोमवारी आहे, आणि ती मैत्रीणही येणार आहे.